झाडावरचे जाळे कोणाचे?

मराठीत जाळ्याला शब्दांची वाण नाही. घराच्या कोपऱ्यात दिसले तर जळमट, कोळ्याने विणले तर कोळिष्टक, पिठात धरली तर जाळी, अळीने स्वतःभोवती गुंडाळले तर कोष. मात्र झाडाच्या फांदीवर पांढरट, धुरकट असे काही लोंबताना दिसले की हे सारे शब्द आपण विसरतो आणि सरसकट म्हणतो, "झाडाला कीड लागली." एकदा कीड म्हटले की पुढचा शब्द ठरलेलाच असतो, फवारणी. या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आपण काय पाहतो आणि काय पाहत नाही, याविषयी लिहावे असे गेल्या चातुर्मासापासून मनात आहे.

आमच्या गावातील स्थानकाच्या आवारात आंब्याचे एक जुने झाड आहे. व्याख्यान संपल्यावर मंडळी त्याच्या सावलीत चपला घालण्यासाठी थांबतात आणि मग अर्धा तास तेथेच बोलत राहतात. गेल्या आषाढात या झाडाच्या शेंड्यांवर करपलेल्या पानांचे घोस दिसू लागले. दुरून पाहणाऱ्यास वाटावे की कोणीतरी पलित्याने टोके जाळली आहेत. श्रावणाच्या अखेरीस, पर्युषण अगदी तोंडावर आलेले असताना, असे घोस तीस-पस्तीस झाले. जवळ जाऊन पाहिले तर पाने रेशमासारख्या धाग्यांनी एकमेकांस बांधलेली होती. वारा आला की एखादी अळी धाग्यावरून खाली उतरे, आणि खाली तर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट.

विश्वस्तांची बैठक झाली. एका फवारणीवाल्याने दोन तासांत झाड साफ करून देण्याची हमी दिली होती. एक विश्वस्त म्हणाले, "पर्युषणात शेकडो माणसे येणार. पायांखाली अळ्या चिरडल्या जातील, त्यापेक्षा आधीच बंदोबस्त केलेला बरा." दुसरे म्हणाले, "स्थानकाच्या अंगणात विष फवारायचे आणि आत प्रतिक्रमण करायचे, हे मला पटत नाही." तिसऱ्यांनी तोडगा सुचविला की रासायनिक नको, जैविक औषध वापरू. जैविक औषधाविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की अळीला मारणारे जिवाणू फवारले तरी अळी मरतेच. मधमाशी वाचते, हा लाभ मोठा आहे आणि शेतकऱ्याने तो जरूर घ्यावा. पण बाटलीवरचा शब्द बदलल्याने अळीच्या बाबतीत हिशेब बदलत नाही.

त्या वर्षी स्थानकात साध्वीजींचा चातुर्मास होता. पण हा प्रश्न त्यांच्याकडे नेता येत नाही, हे वाचकांना ठाऊक आहेच. झाडाची फांदी तोडा असेही त्या सांगणार नाहीत आणि औषध मारा असे तर मुळीच नाही. असा आदेश किंवा अनुमोदन त्यांच्या आचारात बसत नाही. म्हणजे निर्णय श्रावकांचा, आणि त्याचा भारही श्रावकांवरच. दशवैकालिक सूत्रात ज्ञानाला दयेच्या आधी स्थान दिले आहे, याची आठवण मी बैठकीत करून दिली आणि चार दिवसांची मुदत मागितली. आत नेमके कोण आहे हे पाहिल्याशिवाय ठराव करू नये, एवढेच माझे म्हणणे होते. बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला तारण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सही करणे जमत नाही, असे कोणीतरी हसून म्हणाले. मुदत मात्र मिळाली.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. कीटकांविषयी जे थोडे शिकलो ते नोकरीत शिकलो. 1985 च्या सुमारास माझ्याकडे बोर, पेरू आणि डाळिंबाच्या बागांच्या कर्जपाहणीचे काम होते. कागदावर बाग एक असे आणि बांधावर दुसरीच. तेव्हा एका वृद्ध बागाईतदाराने मला एक युक्ती शिकविली. मी मान वर करून बोरीवरचे जाळे पाहत होतो. तो म्हणाला, "साहेब, वर काय बघता? जाळ्यात काय पडलंय ते बघा." त्याने काडीने जाळे उघडले. आत काळपट बारीक दाणे होते, मोहरीहून लहान. "हे अळीचं. ती पाला खाते, त्याची लेंडी पडते. कोळ्याच्या जाळ्यात लेंडी नसते, तिथे माश्यांची टरफलं असतात."

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत याहून सोपी आणि भरवशाची खूण मला सापडलेली नाही. जाळे कोणी विणले हे धाग्यावरून ओळखणे कठीण, पण घरात काय शिजते हे केरावरून कळते. दाणेदार विष्ठा आणि चाळणी झालेली पाने असतील, म्हणजे नुसत्या शिरा उरल्या असतील, तर घर अळीचे. पंख, पाय, पोकळ कवचे असतील तर कोळ्याचे. दोघांचे रेशीम निघतेही निरनिराळ्या ठिकाणांहून. अळीचा धागा तोंडाखालून, ओठाजवळच्या एका सूक्ष्म नळीतून येतो. कोळ्याचा पोटाच्या मागील टोकाकडून. तुतीच्या पानांवर वाढणारा रेशमाचा किडा हीही एक अळीच, आणि आपल्यापैकी अनेक घरांनी पूजेचे रेशमी वस्त्र का सोडले हे येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही.

कोळ्यांच्या जाळ्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या देशावर सर्वाधिक गैरसमज त्याच्याविषयी आहे. नगर, पुणे, सोलापूर या बाजूस बाभळीवर, बोरीवर, काटेरी कुंपणावर मळकट राखाडी लोकरीचा गोळा अडकल्यासारखा दिसतो. त्यात सुकी पाने, काटक्या, कीटकांचे अवशेष गुंतलेले असतात आणि गोळ्यापासून शेजारच्या फांद्यांपर्यंत चादरीसारखी जाळी ताणलेली असते. लोक त्याला अळ्यांचे घर समजून पेटवून देतात. मी स्वतः काठीला चिंधी बांधून निघालेली माणसे पाहिली आहेत. वास्तविक ते एका जातीच्या कोळ्यांचे सामाईक घर असते. कोळी म्हटला की एकटा, हा आपला समज. येथे मात्र डझनांनी, कधी शेकड्यांनी कोळी एकत्र राहतात, मिळून शिकार धरतात आणि मिळून खातात. पिलांना वाढविताना माद्या अखेरीस स्वतःचे शरीरच त्यांना देऊन टाकतात. झाडाचे एक पानही हे कोळी खात नाहीत. उलट पाला खाणारे टोळ आणि माश्या त्यांच्या जाळ्यात सापडतात. ज्याने ते घर जाळले त्याने झाडाचा तर काही लाभ केला नाहीच, आणि एका काडीने शंभर जीव घेतले.

कोकणात आंब्यावर आणखी एक घर दिसते आणि तेही अळीचे नव्हे. हिरवीगार, जिवंत पाने पांढऱ्या धाग्याने शिवून केलेला फुटबॉलएवढा गोळा. ही तांबड्या झाडमुंग्यांची वसाहत, तिकडे तिला ओंबील म्हणतात. हात लावणाऱ्याला ओळख विचारावी लागत नाही. गंमत अशी की मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही. ती आपले पिलू जबड्यात अलगद धरते आणि विणकर धोटा फिरवितो तसे त्याला एका पानाकडून दुसऱ्या पानाकडे नेते. धागा पिलाच्या तोंडातून येतो. या मुंग्या झाडावरच्या अळ्या वेचून खातात. पाने हिरवी तर मुंग्या, पाने तपकिरी आणि चाळलेली तर अळ्या, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

महारुखाच्या पानांतही अळ्यांची जाळी दिसते. तिच्यातून पुढे नारिंगी पंखांवर पांढरे ठिपके असलेला देखणा पतंग निघतो. चिकूची पाने बांधणारी अळी डहाणू-घोलवडच्या बागाईतदारांना चांगलीच परिचयाची आहे. बाभळीला कधी काड्यांची छोटी मोळी टांगलेली दिसते आणि ती हळूच पुढे सरकते. आत राहणारी अळी आपले घर अंगावर घेऊनच फिरत असते.

आता आमच्या आंब्याकडे वळतो. पहाटेच्या उजेडात, आकडीने फांदी वाकवून, मी एकेक घोस पाहिला. सोबतीला आमच्या सौ. होत्या आणि त्यांच्या हातात पुंजणी होती. आंब्याची पाने बांधणारी ही अळी पावसाळ्यात दिसू लागते आणि थंडी पडेपर्यंत तिचा मुक्काम असतो. पतंगाची मादी पानांवर अंडी घालते. लहान अळ्या आधी पानाची वरची त्वचा खरवडतात. थोड्या मोठ्या झाल्या की शेंड्याजवळची पाने धाग्यांनी एकत्र ओढतात आणि त्या आडोशात राहून पाने खातात. एका घरात एकच अळी असे नाही, अनेक असतात. धक्का लागला की त्या विजेसारख्या वळवळत मागे सरकतात, फारच झाले तर धाग्यावरून खाली लोंबकळतात. कोष कधी जाळ्यातच होतो, कधी झाडाखालच्या मातीत. झाड जितके दाट आणि काळोखे, तितकी ही अळी त्यात रमते. आमच्या झाडाची छाटणी कित्येक वर्षांत झालेली नव्हती.

चौतीस घोस मोजले. चौदा घोसांत कोणीही नव्हते, कोरडी विष्ठा आणि रिकामे कोष तेवढे उरले होते. पाच घोसांत मूळ मालक गेलेले आणि पोटभाडेकरू आलेले. दोहोंत कोळी, एकात काळ्या मुंग्या, उरलेल्यांत झुरळासारखे किरकोळ किडे. अळ्या प्रत्यक्ष राहत होत्या त्या पंधरा घोसांत, आणि त्यांतले सातच वाटेच्या वर होते. म्हणजे ज्या चौतीस घरांवर फवारा जाणार होता त्यांतल्या एकोणीस घरांशी या तक्रारीचा काही संबंधच नव्हता. बैठकीत हे आकडे वाचून दाखविले तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही.

प्रश्न मात्र तेवढ्याने मिटत नाही. त्या सात घोसांचे काय करायचे? आपल्या आचारात हिंसेचे सांकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद सांगितले आहेत, आणि गृहस्थाने सांकल्पी हिंसा सर्वस्वी टाळावी असा दंडक आहे. पेरूची किंवा डाळिंबाची बाग करणाऱ्या आपल्या बांधवाची अडचण वेगळी. त्याचा प्रपंच त्या पिकावर चालतो, आणि त्याला घरबसल्या उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण स्थानकाच्या आंब्याचा प्रपंच तो कसला? झाड मरणार नव्हते. पाने बांधणाऱ्या अळीने जोमदार, जुना आंबा मरत नाही. त्या शेंड्यांवर पुढे मोहर कमी येतो, इतकेच. आम्हाला खटकत होते ते झाडाचे रूप आणि पर्युषणातील पाहुण्यांची गैरसोय. त्यासाठी जाणूनबुजून मारणे हे कोणत्या रकान्यात बसेल, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते ते उद्योगीत खचितच बसत नाही.

एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "भाऊसाहेब, अळी म्हणजे कृमीच ना? सर्वांत खालची पायरी." तत्त्वार्थसूत्रात कृमीला दोन इंद्रिये, मुंगीला तीन, भ्रमराला चार असा चढता क्रम आहे, त्यावरून त्याने हे म्हटले. परंतु जमिनीतला गांडूळ आणि पानावरची अळी एक नव्हेत. अळीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस बारीक टिंबांसारखे डोळे असतात, बहुतेक जातींत प्रत्येक बाजूस सहा. त्यांनी तिला उजेड-अंधार आणि वस्तूचा ढोबळ आकार कळतो. तीच अळी पुढे पतंग होऊन दिव्याकडे झेपावते. तिला गांडुळाशेजारी बसवून मोकळे व्हावे, हे माझ्या मनाला मानवत नाही.

अखेरीस जे ठरले ते सांगतो. रिकामे घोस काढून टाकले. वाटेवरचे सात घोस आकडीच्या कोयत्याने फांदीसकट अलगद उतरविले. ते जाळले नाहीत, पिशवीत बांधले नाहीत. मागील भिंतीशी, त्याच आंब्याच्या खाली लोंबणाऱ्या एका फांदीला टेकवून ठेवले, म्हणजे ज्यांना ताज्या पानांकडे जायचे असेल त्यांना वाट मिळावी. काही अळ्या गेल्या. काही सातभाईंनी टिपल्या. हे पाप कोणाचे, यावर दोन विश्वस्तांत जो वाद झाला तो अजून चालू आहे. वरच्या आठ घोसांना हात लावला नाही. वाटेवर दोरी बांधून पर्युषणापुरता दुसऱ्या दरवाजाने रस्ता केला. चातुर्मास संपून पाऊस पूर्ण उघडल्यावर झाडाच्या आतल्या दाट फांद्या विरळ केल्या, ऊन आत जाऊ लागले. छाटणी हीही एकेंद्रिय जीवाची विराधनाच, हे कोणी सांगण्यापूर्वीच मी मान्य करतो. पण दरवर्षी शेकडो अळ्यांवर विष ओतण्याचा प्रसंग येऊच न देणे हे मला अधिक जयणेचे वाटते.

स्वयंपाकघरात आपण वेगळे काय करतो? पावसाळ्यात पीठ तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, अशी मर्यादा अनेक घरांत आजही पाळली जाते. तिच्यामागे हाच व्यवहार आहे. रव्यात, तांदळात गाठी होतात, चिकट जाळी धरते, ती धान्यावरच्या लहान पतंगांच्या अळ्यांनी विणलेली असते. किराण्याच्या धंद्यात वाढलेल्या आपल्या वाचकांना पोत्याच्या शिवणीवर बसलेला तो करडा पतंग सांगायला नको. जाळी धरल्यावर ऊन दाखविणे, चाळणे, निवडणे या साऱ्यात जीव जातात. म्हणून जुन्या बायका ती धरूच नये अशी व्यवस्था करीत. थोडे दळा, कोरडे ठेवा, लवकर संपवा. झाडाच्या बाबतीत याच वाक्याचे भाषांतर विरळ करा, ऊन येऊ द्या, पडलेला पाला वेळेवर उचला असे होते.

एका अळीचे जाळे मात्र असे आहे की ते पाहूनही न पाहिल्यासारखे करणे झाडाला महाग पडते, आणि तेच लोकांच्या सर्वांत कमी लक्षात येते. ते पानांत नसतेच. पेरू, आंबा, बोर, आवळा, शेवगा, डाळिंब यांच्या खोडावर किंवा जाड फांदीवर तांबूस-तपकिरी भुशाची पट्टी नागमोडी गेलेली दिसते. लोक तिला वाळवीचे घर समजतात. वाळवीची वाट मातीची असते, बोटाने चुरडली तर माती होते. ही पट्टी रेशमात विष्ठा आणि सालीचे कण गुंफून केलेली असते, ओढली तर चिंधीसारखी सलग निघते. पट्टीचा माग काढत गेलात तर फांदीच्या बेचक्यात एक भोक सापडते. साल खाणारी अळी दिवसा त्या भोकात राहते आणि रात्री या झाकलेल्या वाटेने बाहेर येऊन साल खाते. वर्षातून हिची एकच पिढी. पावसाच्या सुरुवातीस पतंग सालीच्या भेगांत अंडी घालतो, आणि पुढचे नऊ-दहा महिने अळी त्या झाडाची भाडेकरू असते. अशी बरीच भोके असतील तर झाड खंगते, फांद्या वाळतात. दुर्लक्षित, जुन्या बागांत हिचा सुळसुळाट होतो. कर्जपाहणीला गेलो की मी खोडाकडे आधी पाहत असे. खोडावर पट्ट्याच पट्ट्या असतील तर मालक बागेत फिरकत नाही हे कळे, मग वहीत काहीही लिहिलेले असो.

भोकात तार घालणे किंवा रॉकेलचा बोळा घालून ते लिंपणे हे तिच्यावरचे रूढ उपाय आहेत. दोन्हींत अळी मरते, आणि बागाईतदार ते करतात.

आमच्या परसातल्या पेरूच्या बेचक्यातही असे एक भोक आहे, गेल्या भाद्रपदापासून. सौ. पाणी घालायला जातात तेव्हा पट्टीचे टोक पाहून येतात. भुसा ताजा, ओलसर आणि तांबडा असेल तर आत वस्ती आहे. करडा आणि ठिसूळ झाला तर घर सुटले. सध्या ताजा आहे. एक अळी आणि एक जुना पेरू, दोघांचे जमेल असे दिसते. जूनच्या आसपास पतंग बाहेर पडला की कोषाचे रिकामे टरफल भोकाच्या तोंडाशी अडकून राहते. ते दिसले की पट्टी पुसून काढायची आणि भोक चिकणमातीने लिंपून टाकायचे, असे आम्ही ठरविले आहे. माती आणून ठेवली आहे.